शकुनबाईचा घास

बसा मंगलाबाई, घाई करू नका. साकोलीची शेवटची मोटार गेली, आता उजाडेपर्यंत तुम्हालाही कुणी नेत नाही आणि मलाही. वीज येईल आठ-साडेआठला. तोवर कंदील आहे. रजिस्टरं सह्या होऊन तुमच्या ताब्यात आली. जन्माचं, लसीचं, आणि ज्याच्यापायी साहेबांच्या शिव्या खाव्या लागतात ते कुटुंब नियोजनाचं. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो, तेवढा वजा करत चला. स्टोव्हची पिन खिडकीत आहे. चार्ज म्हणून जे कागदावर येतं ते संपलं. एक गोष्ट कागदावर येत नाही, ती सांगायची राहिली.

मी भित्री नाही, हे आधी सांगून ठेवते. नऊ वर्षं या क्वार्टरमध्ये एकटी राहिले. एकदा पडवीत अस्वल आलं होतं, ते मी झाडूनं हाकललं असं गावात सांगतात. खरं म्हणजे ते आपणहून गेलं, मी दाराआड झाडू घट्ट धरून उभी होते एवढंच. पण अंगात आलंय, झपाटलंय, असलं कुणी सांगत आलं की मी आधी ताप मोजणारी बाई आहे. हे लक्षात ठेवून ऐका.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्या नर्सबायांना भंडाऱ्याला शिबिराला बोलावलं होतं. नागपूरचे एक तरुण डॉक्टर शिकवायला आले होते. घशात काही अडकून माणूस गुदमरला तर काय करायचं आणि श्वास थांबला, नाडी थांबली तर काय करायचं, हा विषय. बाहुला वगैरे कुठला असायला. त्यांनी पोत्यात धानाची तणीस भरून एक माणूस केला होता, त्याला आम्ही तणसोबा म्हणायचो. तणसोबाला पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या. मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ रोवून आत-वर हिसके दिले. मग त्याला उताणा पाडून छातीवर पंधरा वेळा दाबायचं आणि तोंडाला तोंड लावून दोनदा फुंकायचं. आमच्यातली एक बाई हळूच म्हणाली, "परपुरुषाच्या तोंडाला तोंड लावायचं?" डॉक्टर म्हणाले, "त्या वेळी तो पुरुष नसतो बाई, पेशंट असतो." आम्ही पदरात तोंड घालून हसलो.

मी उठून विचारलं होतं, आमच्याकडे घशात काटा अडकला की कोरड्या भाताचा घट्ट गोळा न चावता गिळायला देतात, त्याचं काय? तलावाकाठची माणसं आपण, मासे खाणार, काटा अडकणार. माझ्या आईनं आमच्या गावी, कोंढ्याला, मलाही असा गोळा कितीदा दिलाय. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, बारीक काटा असला तर जाईलही उतरून. पण माणसाला बोलता येत नसेल, श्वास येत नसेल, तर तो गोळा म्हणजे बाटलीला बूच. तो देणारे हात मायेचे असतात, म्हणून त्यांना अडवणं फार कठीण असतं.

ते वाक्य तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

इथे तलावाच्या पाळीखाली देवाजीबुवांचं घर आहे. उद्या दाखवीन. देवाजीबुवा त्या वेळी पासष्टीचे, मोठे गमत्ये. त्यांचे थोरले भाऊ सुखराम बहात्तर साली त्याच घरात जेवता जेवता वारले. मरळीचा काटा घशात अडकला, बायकोनं, म्हणजे शकुनबाईनं, घाबरून भाताचा गोळा करून दिला, तो गिळला नाही म्हणून दुसरा दिला. सुखराम काळेनिळे पडले आणि अंगणातच गेले. वर्षाच्या आत शकुनबाईही गेली. एवढंच मला ठाऊक होतं. तिला मी पाहिलेलं नव्हतं, तिच्या मरणानंतर सहा वर्षांनी मी या गावात आले.

एक्क्याऐंशी सालचा कार्तिक. धानाची कापणी ऐन रंगात होती. कापणीच्या दिवसांत भर दुपारी हे गाव कसं असतं ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही. दारं नुसती लोटलेली, कुत्रीसुद्धा माणसांमागे धानाच्या बांधीत गेलेली. उन्हात कापलेल्या धानाचा वास आणि तलावातून उपसलेल्या शिंगाड्याच्या वेलांचा कुजका वास. आपल्याच चपलेचा आवाज आपल्या मागून येतोय असं वाटतं. मी देवाजीबुवांच्या पायाची पट्टी बदलायला चालले होते. त्यांच्या पायाला विळा लागला होता, म्हणून ते घरी होते. त्यांची बायको आनंदाबाई बाकीच्या घरासोबत शेतावर गेली होती.

बुवा छपरीत पाय पसरून आदल्या रात्री उकडलेले शिंगाडे ताटात सोलत बसले होते.

"या जी नर्सबाई, बसा. शिंगाडे खा."

"आधी पाय दाखवा."

"पाय कुठी जाऊन रायला? तुमी खा."

मी पट्टी सोडायला लागले. आतून सैपाकखोलीतून आवाज येत होता. थप... थप... ओल्या हातानं काहीतरी दाबून घट्ट करावं तसा. मी विचारलं, "आनंदाबाई घरीच आहेत का?"

"नाही जी, थे गेली बांधीत. मांजर असन."

मांजर असा आवाज करत नाही, हे मला कळत होतं. पण पायाची जखम चिघळली होती आणि माझं लक्ष तिकडे होतं. मी बुवांना म्हटलं, पाय तोडावा लागेल, मग आनंदाबाई तुम्हाला टोपलीत घालून बाजारात नेतील. ते ऐकून त्यांनी तोंडात अख्खा शिंगाडा टाकलेला तसाच ठेवून हसायला सुरुवात केली. दात चार-पाचच उरलेले. हसता हसता हसू एकदम बंद झालं.

मी वर पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गळ्याकडे गेले होते. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज काहीच नाही. खोकला नाही, घरघरसुद्धा नाही. मी म्हटलं, "बुवा, बोला. काहीतरी बोला." त्यांनी नुसती मान हलवली. मीच हसवलं होतं, मंगलाबाई. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी त्यांना पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध हाताच्या टाचेनं जोरात थापा मारल्या. काही नाही. मग मागे गेले. बापाच्या वयाच्या माणसाला कवेत घ्यायचं म्हणून क्षणभर माझे हात अडले, ते खोटं सांगत नाही. मग घेतलं. बेंबीच्या वर मूठ रोवली, दुसऱ्या हातानं ती धरली आणि आत-वर हिसका दिला. एक, दोन, तीन.

तेवढ्यात आतला थप थप आवाज थांबला आणि सैपाकखोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

विटक्या हिरव्या लुगड्याची, डोक्यावर पदर ओढलेला. मला वाटलं घरातलीच कुणी पाहुणी. बरं वाटलं, खरंच, माणूस आलं म्हणून. मी म्हटलं, "बाई, धरा यांना." ती आली. तिच्या उजव्या हातात पांढऱ्या भाताचा गोळा होता, दाबून दाबून लिंबाएवढा घट्ट केलेला. भाताच्या पेजेचा गरम वास आला.

"घास देतो..." ती हळू म्हणाली. "घास घेतला का उतरते..."

आणि तिनं तो गोळा बुवांच्या उघड्या तोंडाशी नेला.

माझे दोन्ही हात अडकलेले. मी खांद्यानं तिचा हात ढकलला. तो हात विहिरीच्या तळातून काढल्यासारखा गार होता आणि त्यातला भात वाफाळत होता. ती मागे सरली नाही. मी हिसका दिला की बुवांचं तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की तो हात पुढे यायचा. भांडण नाही, जबरदस्ती नाही. आई लेकराला भरवते तितक्याच मायेनं. मला डॉक्टरांचं वाक्य तेव्हा आठवलं.

बुवा माझ्या हातातून सुटून खाली कोसळले. मी त्यांना उताणं केलं, मांड्यांवर बसून पोट वर रेटलं, तोंडात बोट घालून चाचपलं. बोटाला शिंगाडा लागला. तो आकड्यासारखं बोट वाकवून बाहेर काढला. पण श्वास आला नाही. छातीला कान लावला, गळ्याची नाडी पाहिली. ती लागत नव्हती.

आता जे करायचं ते मी फक्त तणसोबावर केलं होतं. पंधरा वेळा दाबलं, मग डोक्याकडे सरकून नाक चिमटीत धरलं. तोंड लावायला वाकले तर माझ्या आणि बुवांच्या तोंडामध्ये तो भाताचा हात होता.

मी वर पाहिलं. पदराखालचा चेहरा मला तेव्हा नीट दिसला. त्यात भिववण्यासारखं काही नव्हतं. ती रडत होती आणि बुवांकडे बघत होती. ओठ हलत होते, "घास... घास..."

मला ओरडता आलं असतं, पळताही आलं असतं. पळाले असते तर बुवा तिच्या हाती राहिले असते. मी म्हटलं, "बाई, तो घास ताटात ठेवा. मला घास नको, तुमचे हात पाहिजेत. मी एकटी पुरत नाही."

ती थबकली.

"माह्ये हात नोको..." ती म्हणाली. "माह्या हातानं मानूस मेला, बाई..."

मंगलाबाई, ती कोण हे मला तेव्हा कळलं. पण समोर बुवांचे ओठ जांभळे पडत होते, आणि ती बाई नऊ वर्षं एकाच जागी उभी होती हेही मला दिसत होतं. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या आईलाही कुणी शिकवलं नव्हतं. ज्या दिवशी माझ्या घशात काटा होता त्या दिवशी काटा बारीक होता, एवढाच फरक.

"याच हातांनी जगवू," मी म्हटलं. "ठेवा तो घास. इथं बसा. ही छातीची हाडं, त्यांच्या मधोमध. हातावर हात. कोपर वाकवायचं नाही. मी मोजते तसं दाबा."

तिनं गोळा शिंगाड्याच्या ताटात ठेवला. पदर खोचला आणि माझ्यासमोर बुवांच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसली. हातावर हात ठेवले. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... ती माझ्यामागे मोजत होती, शाळेत न गेलेली माणसं मोजतात तशी, प्रत्येक आकडा चाखत. पंधराला ती थांबायची, मी दोनदा फुंकायची. बुवांची छाती वर यायची, खाली जायची. पुन्हा एक, दोन. तिच्या हातांत विलक्षण जोर होता. एकदा बरगडी कडकन वाजली तशी ती दचकली. मी म्हटलं, थांबायचं नाही, दाबा.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. सात-आठ मिनिटं असतील. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. आणि फुंकून मी तोंड बाजूला घेतलं तेव्हा बुवांनी आपणहून, घागर बुडवल्यासारखा आवाज करत, श्वास ओढला. मग खोकले. मग पुन्हा ओढला. नाडी बोटाला टुकटुक लागली.

मी हसत वर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. बुवांच्या छातीवरच्या सदऱ्याला भाताची चार शितं चिकटली होती.

डोळे न उघडता बुवा म्हणाले, "वयनी..."

मी धावत रस्त्यावर जाऊन हाका मारल्या, तेव्हा कुठे खळ्यावरून माणसं आली. आनंदाबाई आली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बैलगाडी जुंपत होते तेवढ्यात तिची नजर ताटाकडे गेली. ती हळूच म्हणाली, "हा भात कोनं रांधला, बाई? आज तं चूल पेटलीच नाही."

मी झालं ते सांगितलं. ती घाबरली नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर सावरत म्हणाली, "आमी कोनी तिले काही बोललो नाही, बाई. एक शब्द नाही. पर तिच्या हातचं कोनी खाल्लं नाही."

"कुणीच नाही?"

"कोनीच नाही. थे रोज रांधे, रोज घास करून ताटात ठेवे, लेकरायले बलावे. लेकरं पळत. ह्याइले तं तिनंच लहानपनी भरवून मोठं केलं, ह्याइनंही तोंड फिरवलं." तिनं नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "गेली तं दहाव्याले पिंडाले कावळाही शिवला नाही. काय काय कबूल केलं आमी. पर जे पायजे होतं थे कोनी म्हनलं नाही."

ती ताट उचलून गोळा तलावात टाकायला निघाली. मी तिच्या हातातून ताट घेतलं. का घेतलं, विचारू नका. त्या बाईनं माझ्यासोबत गुडघ्यांवर बसून एक माणूस ओढून आणला होता, आणि मी तिच्या हातचं तलावात जाऊ देणार? मला तिची इतकी दया आली की भीती कुठल्या कुठे गेली. मी तो घास लहान लहान करून, नीट चावून, सगळा खाल्ला. मीठ नव्हतं त्यात. अजून गरम होता.

साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बुवांना तपासलं. दोन बरगड्यांना चीर होती. म्हणाले, "दाबणाऱ्याचा हात चांगला होता." मी म्हटलं, होय, चांगला होता. बुवा अजून आहेत. रोज जेवताना पहिला घास वयनीच्या नावानं बाजूला काढतात आणि मग तोच आधी खातात.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती.

दीड वर्षानं एका दुपारी मी फिरतीवरून आले. आत फळीवर माझं ताट झाकलेलं असतं, ते उघडलं तर मधोमध भाताचा एक घास. गरम. कुलूप माझ्या हातानं लावलेलं, किल्ली कमरेला. मी उभ्या उभ्या तो खाल्ला आणि बॅग घेऊन बाहेर पडले, कुठे जायचं ते ठाऊक नसताना. चौथ्या घरी खुशालच्या मुलीच्या घशात चिंचोका अडकला होता. तिला मांडीवर पालथी घेऊन थापा मारल्या, निघाला. दुसऱ्यांदा घास आला तेव्हा मी खाल्ला आणि निघाले, पण बाबूलालकडच्या लग्नाच्या पंगतीत मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नवरीच्या मामाच्या घशात अडकलेलं निघालं होतं आणि तो पाणी पीत बसला होता. कुणी वाचवलं विचारलं तर नवरीकडले म्हणाले, हिरव्या लुगड्याची एक म्हातारी होती, नवरदेवाकडली असेल. नवरदेवाकडले म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्याकडली.

तिसऱ्यांदा मी खाल्ला नाही.

जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले होते. ते ओट्यावर बसलेले, मी चहा घ्यायला आत गेले, ताटात घास. मला लाज वाटली म्हणा, आपण शिकलेल्या आहोत असं वाटलं म्हणा. तो खिडकीतून बाहेर टाकला. कुत्रं आलं, हुंगलं, गेलं. त्या दिवशी संध्याकाळी तलावापलीकडच्या पुष्पाबाईंची सासू घशात सुपारी अडकून गेली. मी पळत पोचले, पाऊण तास दाबत होते, एकटी. त्या पाऊण तासात मी कितीदा वर पाहिलं असेल. समोर कुणी आलं नाही. हातचं खाल्लं नाही, मग हात कसे मागायचे? तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते. त्या म्हातारीचं मरण मी माझ्याकडेच धरते.

त्यानंतर मी कधी चुकले नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे मला कशाला सांगता. सांगते, कारण तुमची ऑर्डर निघालीय हे मला आज चार वाजता कळलं, तुम्ही मोटारीतून उतरून दारात उभ्या राहिलात तेव्हा. मला वाटत होतं, माझ्यानंतर हे केंद्र वर्षभर तरी बंद राहणार. आणि सामान बांधताना मी ते ताट उघडलं होतं दुपारी बाराला.

ताटात दोन घास होते.

एक मी खाल्ला. गावभर हिंडून आले, सगळी घरं पाहिली, आज अजून कुणाला काही झालेलं नाही. दुसरा ठेवलाय. तो तुमच्यासाठी, की आज दोन गळे अडायचे आहेत म्हणून, ते मला सांगता येत नाही. तुमच्यावर जबरदस्ती नाही. मी उद्या जाते, इथं राहायचं तुम्हाला आहे.

कंदील घेऊन या आत. त्या फळीवर, पितळी झाकणाखाली. जपून उचला, बाई... झाकण चटका देईल.